फुगलेलं लग्नाचं फोल्डर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये जागा उरलेली नाही, हे पहिल्यांदा मुलीच्या लक्षात आलं. तिला शाळेत मधमाश्यांवर रेफराट द्यायचं होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून चित्रं दाखवत बोलायचं होतं. चित्रं गोळा करून झाली, सेव्ह करायला गेली, तर कॉम्प्युटरने सरळ नकार दिला.

"ममा, दा पास्ट निक्स मेअर राइन!" ती खोलीतून ओरडली.

"आत काही मावत नाही, असं मराठीत म्हण," मी पोळी उलटता उलटता म्हटलं.

"झाग इख डोख!" म्हणजे, तेच तर म्हणतेय. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. त्यावर मी आता भांडत नाही. रोज कशाकशावर भांडणार?

मी बर्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि घरी तेच काम मी फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो. तो गिअरबॉक्सवाला. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं शहराच्या कडेच्या एका कंपनीत दातेरी चाकांची डिझाइन्स करतोय. त्याच्या टीममध्ये सहा देशांची माणसं, त्यामुळे कामाची भाषा इंग्रजी. त्याचं जर्मन बेकरीपर्यंत पोचलं आणि तिथेच ब्रेड खात बसलं. समोरचा काहीही म्हणाला की हा मान डोलावून "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणतो, आणि समोरच्यालाही ते पुरतं. घरात आमची वाटणी झालेली आहे: जर्मन माझ्याकडे, हत्यारं त्याच्याकडे. घरमालकाच्या ऑफिसचे फोन, डॉक्टर, शाळेतल्या पालकसभा हे माझं खातं. वॉशिंग मशीन, सायकली आणि तळघरातल्या फळ्या त्याच्या. वाटणी सुखाची होती, कुणाची तक्रार नव्हती.

म्हणून कॉम्प्युटर भरला म्हटल्यावर तो बाह्या सरसावून बसेल, अशी माझी खात्री होती. हा माणूस टोस्टरसुद्धा फेकू देत नाही. उघडतो, साफ करतो, परत बसवतो आणि वर आपल्यालाच विचारतो, "काय झालं होतं त्याला?" पण या वेळी तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "नवीन डिस्क घेऊ ना एक. कशाला डोकं लावत बसतेस त्यात?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. नवीन घेऊ? आणि हा?

"भरली कशाने ते बघू तरी," मी म्हटलं.

"अगं, फोटोबिटो असणार. भरतातच. सोड ना."

मी सोडणाऱ्यांतली नाही हे त्याला माहीत असायला हवं होतं. जागेला काही पाय फुटत नाहीत. ती जाते म्हणजे कुणीतरी तिथे येऊन बसलेलं असतं.

शनिवारी दुपारी तो मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेला आणि मी कॉम्प्युटरसमोर बसले. आमच्याकडे एक छोटी खोली आहे. घर घेताना आम्ही तिला मोठ्या ऐटीत आर्बाइट्सत्सिमर, म्हणजे कामाची खोली, म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथे कपडे वाळत असतात. स्टँडवरच्या मोज्यांना बाजूला करत मी खुर्ची ओढली.

आधी नेहमीची झाडलोट केली. कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या फायली तिथेच पडून होत्या. लोकांना वाटतं, डिलीट केलं म्हणजे गेलं. तसं नसतं. केर डब्यात टाकला तरी डबा खाली नेऊन ओतावा लागतो. मग डाउनलोड्स. त्यात एकाच व्हॅक्युम क्लीनरचं माहितीपत्रक चार वेळा उतरवलेलं होतं. मग सिस्टीमची जुनी आवृत्ती. नवी आली की कॉम्प्युटर जुनी तशीच दडवून ठेवतो, न जाणो परत जावं लागलं तर. तीही काढली. थोडी थोडी जागा मिळत गेली, पण बेरीज काही जुळेना. मला दिसत होत्या तेवढ्या फायली एकत्र केल्या, तरी डिस्क अर्धीसुद्धा भरत नव्हती. आणि कॉम्प्युटर तर म्हणत होता की तीळ ठेवायला जागा नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

अशा वेळी डिस्कचा नकाशा काढून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर कामाला येतं. ते सगळ्या फायली रंगीत चौकोनांत मांडून दाखवतं. फाइल जेवढी मोठी, तेवढा चौकोन मोठा. मी ते लावलं आणि चहा करून आणला. परत येऊन बघते तर एका निळ्या तुकड्याने अर्ध्याहून जास्त पडदा अडवला होता. त्यावर बाण नेला. नाव उमटलं: लग्न.

आमचंच लग्न. पुण्याच्या एका कार्यालयात झालेलं, आणि शूटिंगवाल्याने जीव ओतून चित्रित केलेलं. बदामाच्या आकारातून नवरा-नवरीचे चेहरे उघडतात, मागे सनई वाजते, आणि मग रुखवतावर कॅमेरा असा काही रेंगाळतो की एकेका चकलीची ओळख पटावी. त्यानंतर पंगत. तीनशे माणसं कॅमेरा दिसला की घास हातात धरून हसतात. त्या डीव्हीडी एका मावसभावाने कॉम्प्युटरवर घालून दिल्या होत्या. आम्ही त्या रुखवतापर्यंत पाहिल्या होत्या, पुढे कधीच नाही. कुणीच पाहत नाही. लग्नाचा व्हिडिओ ही मराठी घरातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. दागिने तिथे ठेवता आले असते तर चोरांचे हाल झाले असते.

पण आमचं लग्न एवढं मोठं नव्हतं. आणि ते लागून पंधरा वर्षं झाली. आता ते वाढेल कशाला?

फोल्डर उघडलं. आत 'मंगलाष्टका', 'रुखवत', 'पंगत' होतं, आणि शेवटी 'विधी – उरलेले' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. विधी कुठले उरले होते मला आठवेना. ते उघडलं तर आत फायलीच फायली, एकेक अवाढव्य, आणि सगळ्या याच वर्षातल्या. सगळ्यात नवी गेल्या गुरुवारची. मंगळवारी आणि गुरुवारी मी ऑफिसात जाते आणि तो घरून काम करतो.

खरं सांगायचं तर मनात नको नको ते येऊन गेलं. चांगल्या घरातली बाई असले, तरी नवऱ्याने दडवलेल्या फायलींत काय काय असू शकतं हे मलाही ठाऊक आहे. मी सर्वांत जुनी फाइल उघडली.

पडद्यावर नवरा आला. निळा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस पाणी लावून बसवलेले. मागे स्टँडवर माझा पंजाबी ड्रेस वाळत होता. तो कॅमेऱ्याकडे बघून हसला, शाळेच्या ग्रुप फोटोत हसतात तसं, आणि जर्मनमध्ये बोलू लागला.

"गुटन टाग. इख बिन..." नमस्कार, मी इंजिनिअर आहे. मी इतकी वर्षं गिअरबॉक्सचं काम करतो. मला टीममध्ये काम करायला आवडतं. एकेक शब्द तो जिना चढावा तसा टाकत होता. चौथ्या-पाचव्या वाक्याला थांबला, छताकडे बघितलं, "च्यायला" म्हणाला आणि कॅमेरा बंद करायला उठला. तेव्हा दिसलं की शर्टाखाली त्याने घरातली हाफ पँट घातली होती.

मला हसू आलं. मोठ्याने हसले मी, इतका वेळ धरून ठेवलेला श्वास त्या हसण्यात सुटला. मग पुढची फाइल उघडली, आणि हसू तिथेच थांबलं.

या व्हिडिओत तो स्वतःच प्रश्न विचारत होता आणि स्वतःच उत्तर देत होता. प्रश्न असा की, तुम्हाला नोकरी का बदलायची आहे? त्याने सुरुवात केली: आमचा विभाग या शरद ऋतूत बंद होतोय. तिथे अडखळला. मान हलवली. "नको, हे नको," असं मराठीत स्वतःलाच म्हणाला. मग पाठ सरळ केली, परत तसाच हसला आणि म्हणाला की मला नवी आव्हानं हवी आहेत. तेच वाक्य पुन्हा. आणि पुन्हा. शेवटच्या खेपेला ते इतकं सफाईने आलं की मीही विश्वास ठेवला असता.

विभाग बंद होतोय. मी तो व्हिडिओ थांबवला आणि वाळत्या मोज्यांकडे बघत बसले.

आधी राग आला. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरात दुधाचा डबा फ्रीजबाहेर राहिला तरी त्याची तासभर चर्चा होते, त्या घरात नोकरी जाणार ही बातमी माझ्यापासून लपवायची, आणि तीही कुठे, तर आमच्या लग्नाच्या फोल्डरात? मला पंगतीशेजारी नेऊन गाडतोस? तो समोर असता तर मी काय काय बोलले असते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरं झालं तो तरणतलावावर होता.

मग शेवटची, गुरुवारची फाइल उघडली. तोवर बरंच बदललेलं होतं. कपड्यांचा स्टँड चौकटीबाहेर गेला होता, मागे कोरी भिंत होती, दिवा चेहऱ्यावर नीट पडत होता. जर्मनही सुधारलं होतं. बेकरीतून उठून ते बरंच पुढे चालून आलं होतं, कुणाचा हात न धरता. सुरुवात करण्याआधी त्याने कॅमेऱ्याकडे बघून मराठीत स्वतःला दम भरला, "बुधवारी असा ततपप केलास ना, तर संपलास." मग तो बोलू लागला. चांगलं बोलत होता. चाकांचे दात कसे झिजतात, आवाज कसा कमी केला, ते सांगताना त्याचे हात टोस्टर उघडताना चालतात तसे चालत होते. आणि एका वाक्याच्या अर्ध्यात व्हिडिओ तुटला. डिस्क तिथे भरली होती.

म्हणजे बुधवारी मुलाखत होती आणि त्याच्याकडे तालीम करायला जागाच उरली नव्हती. आणि तरी त्याने लग्नाला हात लावला नव्हता. पंगत उडवली असती तर त्याचं काम भागलं असतं. मला कळलंसुद्धा नसतं. मंगलाष्टका, रुखवत, घास धरून हसणारी ती तीनशे माणसं, सगळी जिथल्या तिथे होती. माझा राग तिथे ढिला पडला. डोळे भरून आले, ते मी स्टँडवरच्याच एका टॉवेलला पुसले.

त्याने का सांगितलं नाही, हे मला समजत होतं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, बारा-तेरा वर्षं एकच कंपनी, एकच काम, आणि आता परक्या भाषेत पहिल्यापासून मी कोण ते सांगायचं. मला कळलं असतं तर मी त्याच संध्याकाळी क्लास शोधला असता, उत्तरं लिहून दिली असती, भिंतीवर वेळापत्रक लावलं असतं. मदतच केली असती. पण माझी मदत झेलायला माणूस आधी दोन पायांवर उभा असावा लागतो. शिवाय त्याच्या घरात सगळीच दुखणं अंगावर काढणारी जात. त्याच्या वडिलांनी दाढदुखी महिनोन्‌महिने लवंगेवर काढली होती.

आता करायचं काय? विचारलं असतं तर चार दिवसांवर आलेल्या मुलाखतीआधी त्याचा धीर खचला असता. न विचारता राहावं, तर तो बुधवारी एकटाच जाणार, आणि नाही जमलं तर एकटाच परत येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकून ठेवणाऱ्याचा हात किती दुखतो ते कुणी विचारत नाही.

तूर्तास मी टेस्टरचं काम केलं: चूक शोधली. ती अगदी इंजिनिअरला शोभेलशी होती. कॉम्प्युटरला लावलेल्या नव्या कॅमेऱ्यात चित्राचा जो सगळ्यात वरचा दर्जा होता, तो याने लावून ठेवला होता. मुलाखतीची तालीम सिनेमाच्या दर्जाची! एकेका 'गुटन टाग'मध्ये नाकावरचा तीळसुद्धा मोजून घ्यावा. आणि अर्थातच एकही तालीम पुसली नव्हती, कारण चाचणीची नोंद फेकायची नसते, हा त्याचा कॉलेजपासूनचा धर्म. सेटिंग दोन पायऱ्या खाली आणलं असतं तर एवढ्या जागेत तो वर्षभर बोलू शकला असता.

मी ते खाली आणलं. मग माझ्या फोनच्या बॅकअपमध्ये शिरले. तिथे प्रत्येक फोटो तीन-तीनदा होता. तिथून जेवढं काढता आलं तेवढं काढलं. त्याच्या फायलींना आणि लग्नाला मात्र बोट लावलं नाही.

दोघं परत आली तेव्हा मुलीचे केस ओले होते आणि भूक पेटलेली होती. मधमाश्या सेव्ह झाल्या हे ऐकून ती "झुपर!" म्हणाली आणि केळं घेऊन पळाली. नवरा बूट काढत दारातच रेंगाळला.

"मिळाली जागा?"

"मिळाली. माझेच फोटो होते, एकाचे तीन."

"हं. मी म्हटलंच होतं, फोटो असणार." मग जरा थांबून, "आणि ते लग्नाचे व्हिडिओ वगैरे..."

"ते कोण बघतंय?"

त्याचे खांदे खाली आले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याला न विचारताच गरम गरम थालीपीठ वाढलं.

रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. ऑफिसचं थोडं काम उरलंय, असं म्हणत तो छोट्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात पालक निवडत बसले. दारापलीकडून पुटपुटणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने ते थांबलं. मग दार उघडल्याचा आवाज आला.

"अगं."

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. वर निळा शर्ट, खाली हाफ पँट.

"रेकॉर्डिंगचं सेटिंग कुणी बदललं?"

हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. जो माणूस दातेरी चाकातला केसाएवढा फरक आवाजावरून ओळखतो, त्याला फाइल अचानक एवढीशी झालेली दिसणार नाही, असं मला का वाटलं कोण जाणे.

"मी," मी म्हटलं.

फ्रीज घरघरत होता.

"किती पाहिलेस?"

"तीनच. शेवटचा पाहिला."

तो माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला. शर्टाच्या बाह्या त्याने दुमडल्या, मग परत सरळ केल्या. "सांगणार होतो गं. एकदा बुधवार होऊ दे म्हटलं, मग सांगू."

"बुधवार झाला की काय? मिळाली असती तर पेढे घेऊन आला असतास. आणि नसती मिळाली तर? तेव्हा काय नाव दिलं असतंस फोल्डरला? बारसं?"

हे मी चढ्या आवाजातच म्हटलं. राग अजून तळाशी होताच, तो बाहेर पडला. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, आता तो उठून जाईल. पण तो बसून राहिला. मग मीच हात धुतले, पालक बाजूला सारला आणि टेबल पुसलं. कॅमेरा नव्हता, दिवा नव्हता. मी ताठ बसले आणि त्याला जर्मनमध्ये विचारलं, तुम्हाला नोकरी का बदलायची आहे? जर्मन 'झी' लावून, म्हणजे आपल्या अहो-जाहोत. नवऱ्याला अहो मी बोहल्यावरसुद्धा म्हटलं नव्हतं.

तो गोंधळला. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला. पाठ सरळ करून, ते ग्रुप फोटोचं हसू आणून तो म्हणाला की मला नवी आव्हानं हवी आहेत.

"हे मी ऐकलंय," मी जर्मनमध्येच म्हटलं. "खरं सांगा. तुम्हाला का बदलायची आहे?"

ते हसू हळूहळू उतरलं. तो माझ्याकडे बघत होता. व्हिडिओत त्याची नजर सतत कुठेतरी माझ्या कपाळाच्या वर असायची, आता ती सरळ माझ्या डोळ्यांत होती. त्याने शब्द शोधले, घाई केली नाही. आमचा विभाग या शरद ऋतूत बंद होतोय, तो म्हणाला. मला वसंतापासून माहीत आहे. मी माझ्या बायकोला सांगितलं नाही. मग जरा थांबून तो म्हणाला, "इख हाबे आंग्स्ट."

मला भीती वाटते. एवढ्या वर्षांत हे वाक्य मराठीत मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्या बाईने काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. धन्यवाद म्हणायचं, वहीत काहीतरी टिपायचं. मी टेबलावरून हात पुढे केला आणि त्याचा हात धरला. तो गार होता.

"मलाही वाटते रे," मी मराठीत म्हटलं.

हात न सोडवता तो दुसऱ्या हाताने पेला उचलून पाणी प्यायला.

"पुढचा प्रश्न विचार," तो म्हणाला.